मंदाताई आणि लांबुडकीची चाकं

मंदाताई शिवलकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होत्या. मी सांगलीची. रत्नागिरीत मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, तेव्हा शाळेतल्याच कोणीतरी सांगितलं, की माळनाक्याजवळ डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. ट्रंक घेऊन मी अंगणातून चालत आले, तर व्हरांड्यात एक उंच, सावळ्या बाई उभ्या. अंगावर पांढरी वायलची साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. मी नमस्कार करायच्या आत त्या म्हणाल्या, "डावा पाय किंचित ओढत्येस. पडली होतीस का गो लहानपणी?"

पडले होते. चिंचेच्या झाडावरून. ही गोष्ट माझ्या आईच्याही आता लक्षात नसेल.

"चाल बघावी माणसाची," मंदाताई म्हणाल्या. "तोंड काय, शिकवून ठेवलेलं असतं. खोल्या बघून घे वर. भाड्याचं भिकाजी सांगेल." आणि त्या आत गेल्या.

भिकाजी म्हणजे त्यांचा कंपाउंडर, ड्रायव्हर आणि गरज पडली तर माळीसुद्धा. घरात स्वयंपाकाला यशोदाबाई. मंदाताईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही, आणि दुसऱ्या कोणी विचारलं तर त्या म्हणत, "वेळच नाय मिळाला. सगळ्यांची पोरं वेळीअवेळीच येतात." मुंबईत शिकलेल्या, तिथल्या मोठ्या इस्पितळात काम केलेल्या बाई, पण बोलायला लागल्या की पक्क्या रत्नागिरीच्या. 'दादाने पाठवलंन', 'त्याने सांगितलंन' असं त्यांचं ते शेवटी न लावून बोलणं ऐकायला मला इतकं आवडायचं, की वर्षभरात मीही वर्गात 'कोणी सोडवलंन हे गणित?' असं विचारायला लागले आणि मुली खुसखुसायला लागल्या.

त्यांच्या तोंडात कायम एखादं आमसूल असायचं. पान नाही, सुपारी नाही, आमसूल. साडीच्या कमरेला एक छोटी डबी खोचलेली. अवघड बाळंतपण असलं की आमसूल गालात इकडून तिकडे फिरायचं. बाळ रडलं की थुंकायचं. त्यांच्या नर्सा पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत, मंदाताईंच्या गालाकडे बघायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची गाडी. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना त्या नुसतं दादा म्हणत, मोंबासाला बंदरात मोठे इंजिनिअर होते. नोकरी संपवून ते कायमचे मुंबईला परत आले ते स्वतःची गाडी बोटीत घालूनच. पण ती गाडी वहिनींना पहिल्या दिवसापासून पटली नाही. गाडी होतीच तशी. पुढून बघितली तर चारचौघींसारखी मोटार. मागून बघितली तर संपतच नाही. मागच्या बाजूला डिकीऐवजी लांबच लांब काचेची खोली, आणि तिला वर उघडणारं दार. इंजिन तर शर्यतीच्या गाडीला शोभेल असं, कारण दादांना आफ्रिकेच्या मोकळ्या रस्त्यांवर वेगाचा नाद लागलेला. दादरच्या गल्लीत ती वळेना, उभी राहीना. शेवटी वहिनी म्हणाल्या, एक तर ही राहील किंवा मी. दादांनी वहिनींना ठेवून घेतलं आणि गाडी बहिणीला पाठवून दिली.

रत्नागिरीकरांनी तिचं नाव ठेवलं लांबुडकी.

मंदाताईंनी मात्र गाडी बघताच मागचं दार उघडलं, मागचं बाक आडवं केलं आणि सपाट झालेल्या जागेकडे बघत राहिल्या. "स्ट्रेचर मावतंय," त्या म्हणाल्या. तेव्हा खेड्यापाड्यातून बाळंतिणीला आणायचं म्हणजे बैलगाडी, नाहीतर एसटीचं मागचं बाक, नाहीतर डोलीत घालून चार माणसांच्या खांद्यावरून. जीपमध्ये घातली तर धक्क्यांनीच निम्मी व्हायची. मंदाताईंना गाडी मिळाली नव्हती, रस्ता मिळाला होता.

पण पेशंटला आत कसं वाटेल, हे कसं कळणार? मग त्यांनी एका सकाळी स्वतःच मागे गादी घातली, हात पोटावर ठेवून उताण्या पडल्या आणि भिकाजीला म्हणाल्या, "चल, भाट्याच्या पुलापर्यंत ने आणि परत आण. खड्डे चुकवू नकोस." डोळे मिटून घेतले, म्हणजे धक्के नीट कळतील. भिकाजी बिचारा गंभीर तोंड करून गाडी हळूहळू बाजारातून न्यायला लागला. काचेतून लोकांना दिसलं काय, तर डॉक्टरीणबाई डोळे मिटून आडव्या, अंगावर पांढरी साडी, आणि भिकाजी काळवंडलेल्या चेहऱ्याने चाक धरून बसलेला. त्यातून रस्ता भाट्याचा, म्हणजे समुद्राकडचा. पुलापर्यंत पोचेस्तोवर गाडीमागे सायकली, दोन रिक्षा आणि पायी चालणारी बरीच माणसं जमली होती. एका कोळणीने हंबरडाच फोडला. त्या आवाजाने मंदाताई उठून बसल्या.

"काय झालं? कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

जमावात अशी शांतता पसरली, की भिकाजीने ती गोष्ट पुढे मरेपर्यंत सांगितली. मंदाताईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "मागच्या उजव्या चाकाला धक्का जास्त बसतोय," एवढंच घरी आल्यावर म्हणाल्या.

त्या चाकांचंच पुढे सगळं रामायण झालं.

झालं असं, की लांबुडकीचे टायर झिजले. भिकाजी नवे आणायला गेला आणि हात हलवत परत आला. आपल्याकडे टायर इंचात मिळतात: तेरा इंची, चौदा इंची, पंधरा इंची. लांबुडकीची चाकं होती मिलिमीटरातली. तिकडच्या कारखान्याने काहीतरी वेगळं करून दाखवायचं म्हणून असा आकार काढलेला, की आपला एकही टायर त्या लोखंडी चाकावर चढेना. तेव्हा टायर बदलायचे तर चाकंच बदलायला हवी होती.

"चाकं बदलायला काय, बोल्ट काढायचे नि बोल्ट लावायचे," मी अडाण्यासारखं म्हणाले.

मंदाताईंनी मला हाताला धरून गाडीपाशी बसवलं. "हे बघ. चाकाची बाहेरची कडी असते, तिच्यावर टायर बसतो. आणि आत ही तबकडी, हिला बोल्टांची भोकं. आता ही तबकडी कडीच्या बरोबर मध्यावर असते असं नाय. थोडी बाहेरच्या अंगाला असली तर चाक गाडीच्या आत जातं. थोडी आतल्या अंगाला असली तर चाक गाडीच्या बाहेर येतं. माणसाचं नाय का, कोणाचे पाय आत वळलेले, कोणाचे फेंगडे! सगळी चाल त्याच्यावर."

हे त्यांना इतकं नीट कळत होतं. म्हणूनच त्यानंतर त्यांनी जे केलं त्याचं मला आश्चर्य वाटलं. त्या मुंबईला गेल्या आणि जुन्या परदेशी गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून चार चाकं घेऊन आल्या. बोल्टांची भोकं नेमकी जुळणारी, चौदा इंची, चांगली रुंद आणि चांदीसारखी चकचकीत. मधे फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी. ती चाकं लावली आणि लांबुडकी एकदम नटली. पण पाहिलं तर चारही टायर मडगार्डच्या बाहेर चांगले दोन बोटं आलेले. नाक्यावरची पोरं शिट्ट्या मारायला लागली.

"बाहेर नाही का आलीत जरा?" मी विचारलं.

"आल्येत," मंदाताई गाडीभोवती फिरत म्हणाल्या. "पण दिसत्येय कशी, बघ तरी!"

त्या दिवशी त्यांनी गाडी स्वतः धुतली. दुसऱ्या दिवशीही धुतली. यशोदाबाई मला हळूच म्हणाल्या, "बायनी लुगड्याला कधी इस्त्री केली नाय, नि चाकांस रोज फडका मारतायत." मला ते बघून बरं वाटायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या वेणा ऐकणाऱ्या बाईला एखादी गोष्ट नुसती सुंदर आहे म्हणून हवीशी वाटावी, यात वाईट काय? चिखल दारांवर उडायचा, वळताना स्टिअरिंग जड व्हायचं, खड्ड्यात हाताला हिसका बसायचा. त्या म्हणायच्या, "सवय होईल."

मग तो रविवार आला. दुपारी जेवणं चालली असताना जयगडच्या पोस्टमास्तरांनी बंद पोस्ट उघडून फोन केला. खाडीकडेच्या वाडीत सुनंदा नावाची मुलगी सकाळी घरीच बाळंत झाली होती. पोर सुखरूप होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मंदाताई ताटावरून उठल्या. भिकाजी गावाला गेलेला. नर्स वॉर्डात अडकलेली. "तू चल," त्या मला म्हणाल्या. "हात धरायला कोणीतरी हवं."

जाताना काही त्रास झाला नाही. गाडीत आम्ही दोघीच. निवळीवरून चाफे गावाकडे त्यांनी लांबुडकी अशी नेली, की मी डोळे मिटून घेतले. वेग भयंकर, पण मंदाताईंचा चेहरा मात्र भाजी निवडताना असावा तसा. "घाई करायची नाय," त्या म्हणाल्या, "वेग ठेवायचा."

सुनंदा माझ्या वर्गातल्या मुलींएवढीच दिसत होती. ओठ पांढरे पडलेले. मंदाताईंनी इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, पोटावर हात दाबून ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "हिला टेबलावर घ्यायला हवी. आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला." तिला मागे गादीवर ठेवली. मी तिच्याजवळ बसले. आणि मग कोणी काही बोलायच्या आत नवरा, सासरे, सासू, आई, तान्ह्या पोराला घेतलेली आत्या आणि दोन दीर असे सगळे गाडीत शिरले. कोकणात आजाऱ्याबरोबर घर जातं. मंदाताईंनी एकदा मागे पाहिलं, पण वाद घालायला वेळ नव्हता.

पहिल्याच खड्ड्यात मागून खर्रर्र असा आवाज आला. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा, आणि या वेळी जळक्या रबराचा वास. मंदाताईंनी गाडी थांबवली, उतरल्या, वाकून पाहिलं. वजनाने गाडी खाली बसली होती आणि मडगार्डची धार बाहेर आलेल्या टायरला विळीसारखी कापत होती. रबराची साल निघून लोंबत होती.

त्या उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"सगळे उतरा."

"आं?" सासरे म्हणाले. "आमी कुटं उतराचं? हिकडं काय हाय?"

"रस्ता हाय. मागून एसटी येईल. ही मुलगी, पोराला घेऊन तिची आई आणि ही मास्तरीण, एवढीच राहतील."

"पन बाय, मी तिचा नवरा हाय."

"म्हणून तर उतर. तुझी बायको जगायला हवी ना तुला?"

नवरा उतरला. सगळेच उतरले. भर उन्हात, कातळावर, सावलीशिवायच्या रस्त्यावर त्या कुटुंबाला सोडून आम्ही निघालो. पण मागचे दोन्ही टायर जखमी झालेलेच होते. वेग हा मंदाताईंचा सगळ्यात मोठा भरवसा, तोच आता ठेवता येईना. निवळीच्या घाटात तर गाडी माणसाच्या चालीने चालली होती. प्रत्येक खड्ड्याआधी त्या थांबायच्या, एकेक चाक तिरपं उतरवायच्या. सुनंदाचा हात माझ्या हातात गार होत चालला होता. "बोलत राहा तिच्याशी," मंदाताई पुढून ओरडल्या. काय बोलावं सुचेना, म्हणून मी तिला पाढे म्हणायला लावले. ती एकोणीसपर्यंत म्हणाली. एकोणिसाचा तिला येत होता, हे मला अजून आठवतं.

मुलगी वाचली. संध्याकाळी ऑपरेशनच्या खोलीतून मंदाताई बाहेर आल्या, आमसूल थुंकलं, हात धुतले आणि पायरीवर बसून चाकांकडे बघत राहिल्या. नातेवाईक तोवर एसटीने पोचले होते. सासरे पाया पडायला आले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"दिसायला चांगली म्हणून घातली होती मी," त्या मला म्हणाल्या. "कळत होतं, तरी घातली. बाहेर आल्येत हे तू सांगितलंस, मला दिसत होतं."

भिकाजी नुकताच गावाहून आला होता. त्या त्याला म्हणाल्या, "काढ ही."

"उद्याला काढूया की. दमलाव तुमी."

"आत्ता काढ."

त्या संध्याकाळी लांबुडकी चार चिऱ्यांवर चढली आणि बरेच आठवडे तिथेच राहिली.

चिऱ्यांवर उभी गाडी म्हणजे गावाला आमंत्रणच. येणारा प्रत्येकजण सल्ला द्यायचा. टॅक्सीवाले म्हणत, चौदा इंची घाला, आमच्यासारखी. एक आंब्याचे बागायतदार म्हणाले, सोळा इंची जीपची घाला, कातळावरूनसुद्धा जाल. मंदाताई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मग मला वर हाक मारायच्या: "मास्तरीणबाई, पट्टी घेऊन ये गो!" मी शाळेतली फूटपट्टी घेऊन खाली यायची. आम्ही दोघी गाडीखाली आडव्या पडून मोजायचो. बाहेरच्या बाजूला मडगार्डची धार. आतल्या बाजूला स्प्रिंग. या दोघांच्या मधे जेवढी जागा, तेवढ्यात टायर फिरला पाहिजे. रिकाम्या गाडीत फिरला पाहिजे आणि भरलेल्या गाडीतही. चौदा इंचीवर गाडी फार खाली बसत होती. सोळा इंची मावतच नव्हतं. शेवटी ठरलं पंधरा इंची, कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या गाडीला असतं तसलं: साधं, काळं, लोखंडी. टायर कुठेही मिळणारा, जरा उंच, म्हणजे खड्ड्यांना चांगला. त्यामुळे वेगाचा काटा थोडं कमी दाखवील, असं मी गणित मांडून सांगितलं. "दाखवू दे," मंदाताई म्हणाल्या. "मी कुठे बघत्येय काट्याकडे!"

पण त्या चाकाची बोल्टांची भोकं जुळत नव्हती. उपाय एकच: लांबुडकीच्या मूळ चाकांच्या तबकड्या कापून काढायच्या आणि पंधरा इंची कड्यांत वेल्डिंगने बसवायच्या. म्हणजे चाक आत घ्यायचं की बाहेर, हे पूर्ण आपल्या हातात. आणि चुकलं तर मूळ चाकं गेली ती गेलीच. तशी चाकं हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

हे काम मिरकरवाड्यातल्या कासमभाईंकडे गेलं. कासमभाई मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि त्यांच्या मते जयगडपासून दाभोळपर्यंत त्यांच्यासारखं वेल्डिंग कोणाला येत नव्हतं. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत तीनदा सांगितलं.

"बाई, तुमी काय काळजी करू नका. मी असं बसवीन की टायर फाटेल, चाक फाटायचं नाय. पन माजं एक ऐका. थोडं बाहेर ऱ्हाऊ दे. गाडीला कशी छाती पायजे!"

"छाती नको मला, कासमभाई. पोट आत घेतलेलं हवंय."

"अवो, एवडी मोटी गाडी, नि चाकं अशी आत? लोक म्हनतील, पाय पोटात घेऊन बसल्येय."

"म्हणू देत. माझे सगळे पेशंट तसेच येतात."

कासमभाई हसले, पण मानले नाहीत. लाँचीच्या तेलकट सामानात स्टुलांवर बसून दोघं तासभर भांडले. कासमभाईंच्या पोराने तीनदा चहा आणला. शेवटी मंदाताईंनी तोड काढली: एकच चाक आधी करायचं, पूर्ण वेल्डिंग न करता नुसते टाके घालायचे, गाडीला लावून बघायचं, आणि मग ठरवायचं. "आम्हीसुद्धा आधी टाकेच घालतो," त्या म्हणाल्या.

पहिली तबकडी कापली तेव्हा ठिणग्या उडत असताना मंदाताई बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या शस्त्रक्रिया केलेल्या बाई, पण हे त्यांना बघवेना.

आता टायर नेमका कुठे घासतो, हे बघायचं कसं? गाडी चालत असताना चाकामागे डोळा तर लावता येत नाही. मंदाताईंनी थोडा विचार केला आणि स्वयंपाकघरात गेल्या. यशोदाबाईंनी रात्रीच्या भाकऱ्यांसाठी तांदळाचं पीठ उकड काढून मळून ठेवलं होतं. तो सगळा गोळा घेऊन त्या बाहेर आल्या. मडगार्डच्या आतून आणि स्प्रिंगच्या अंगाला पिठाची जाड पट्टी थापली.

"बाय, ता काय करतंव?" यशोदाबाई किंचाळल्या. "गाडी खातेय व्हय भाकरी?"

"आजच्या दिवस भात करा हो यशोदाबाई."

भिकाजीने गाडी खड्ड्यांतून फिरवून आणली. आम्ही वाकून पाहिलं. बाहेरच्या पिठाला धक्का नव्हता, पण आत स्प्रिंगपाशी पिठावर टायरची नक्षी स्पष्ट उठली होती, एखाद्या साच्यातून काढावी तशी. म्हणजे मंदाताईंनी रागाच्या भरात चाक जरा जास्तच आत घेतलं होतं. कासमभाईंचा चेहरा फुलला.

"सांगितला नव्हता मी? छाती!"

"अर्धा इंच बाहेर," मंदाताई म्हणाल्या. "अर्ध्याची छाती तुमची, बाकीचं पोट माझं."

टाके तोडले, तबकडी सरकवली, पुन्हा टाके, पुन्हा पीठ. या वेळी दोन्हीकडचं पीठ जसंच्या तसं राहिलं. मग कासमभाईंनी जादाचं धरून पाचही चाकं पक्की केली, आणि खरोखरच सुरेख केली. वेल्डिंगची रेघ नथीच्या तारेसारखी सरळ.

तरी मंदाताईंचं समाधान नव्हतं. भरलेल्या गाडीचं काय? त्या दिवशी जयगडच्या रस्त्यावर जेवढं वजन होतं, तेवढंच घालून त्याच रस्त्याने जाऊन बघायचं होतं. मी पोती घालायचं सुचवलं, तर म्हणाल्या, "पोती वळणावर सरकत नाहीत. माणसं सरकतात."

पुढच्या रविवारी सकाळी आळीतल्या बायकांना निरोप गेला, की डॉक्टरीणबाई गणपतीपुळ्याला दर्शनाला नेतायत. चाफ्यापर्यंत वाट तीच होती, आणि निरोप निवडून गेला होता. शेजारच्या भागीरथीकाकू, त्यांच्या विहीणबाई, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि आणखी दोघी. एकजात वजनदार मंडळी. सगळ्या नारळ, फुलं, खायचे डबे घेऊन नटून आल्या. मीही होते, माझं वजन, मंदाताई म्हणाल्या, वरची मोड.

निघालो. बायकांनी आरत्या सुरू केल्या. पण दर थोड्या वेळाने गाडी थांबायची, डॉक्टरीणबाई उतरायच्या, चाकाखाली डोकं घालायच्या, बोटाने पीठ चाचपायच्या आणि आनंदाने परत यायच्या. एकदा तर एका खड्ड्यावरून पुढे गेल्या आणि पुन्हा मागे घेऊन त्याच खड्ड्यातून गाडी नेली. आरती थांबली.

"मंदा," भागीरथीकाकू म्हणाल्या, "खरं सांग. आम्हांला कशाला आणलंस?"

मंदाताईंना खोटं बोलता येत नसे. "काकू, मला तुमचं वजन हवं होतं."

मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, आता उद्यापासून शाळेत माझी खैर नाही. तेवढ्यात भागीरथीकाकू म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का? माझ्या जावेला आणली असती! ती माझ्या दीडपट आहे."

आणि अशा हसल्या, की गाडी हलली. सगळ्याच हसायला लागल्या. मंदाताई चटकन उतरल्या आणि त्या हसण्याच्या धक्क्यात टायर कुठे लागतो का, ते बघून आल्या. लागत नव्हता.

त्यानंतर लांबुडकी देखणी राहिली नाही. काळी, साधी चाकं. पण रत्नागिरीच्या चारी दिशांना ती ज्या वेगाने आणि ज्या मऊपणाने जायला लागली, त्याची गोष्ट गावोगाव झाली. सुनंदाचा नवरा अधूनमधून सुकी मासळी घेऊन यायचा आणि गाडीपाशी उभा राहून नव्या माणसाला अभिमानाने सांगायचा, "ह्या गाडीतून माका उतरवल्यानी होता!"

मी रत्नागिरीत आणखी काही वर्षं होते. मग सांगलीच्या शाळेत जागा निघाली, आई थकली होती, मी जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मंदाताई म्हणाल्या, "मी स्टँडवर येत्येय सोडायला." पण सकाळीच कोणीतरी बोलवायला आलं आणि त्या गेल्या. मी यशोदाबाईंच्या पाया पडले, भिकाजीने ट्रंक टपावर चढवली, आणि मिरजेची एसटी सुटली. मला वाईट वाटलं. रडले नाही, पण साखरप्यापर्यंत खिडकीबाहेर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

आंबा घाट सुरू झाला तेव्हा मागून हॉर्न वाजला. आमच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि काही न विचारता गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. "डॉक्टरीणबाय हायत," तो कंडक्टरला म्हणाला. "मिरजेच्या इस्पितळात न्हेत असतील कोनाला तरी."

लांबुडकी माझ्या खिडकीखालून गेली. मागे गादीवर कोणीतरी झोपलेलं होतं, त्याच्या उशाशी पदर तोंडाला लावून बसलेली एक म्हातारी. भिकाजी स्टँडवरच राहिल्यामुळे चाक मंदाताईंच्याच हातात. मी खिडकीतून वाकून हात केला. हाकही मारली असेन. त्यांनी वर पाहिलं नाही. नजर पुढच्या वळणावर, आणि गालात आमसूल नुसतं फिरत होतं.

एसटी धापा टाकत चढत राहिली. वरच्या वळणावर लांबुडकी मला पुन्हा एकदा दिसली. ऊन पडलेल्या कड्याला लागून, न डगमगता, चारही चाकं रस्त्याला धरून वळली आणि डोंगराआड गेली.

"ईस मिनटात घाट चढंल ती," ड्रायव्हर म्हणाला.

सगळी एसटी खिडक्यांतून वर बघत होती. मी ट्रंकेची किल्ली मुठीत घट्ट धरून बसले होते. मला एकदम खूप बरं वाटलं.